मेळाव्याला कोण कोण येणार?

दर वर्षी निमंत्रणं जायची.

दर वर्षी थोडी कमी.

युद्ध संपलं, गणवेश ट्रंकेत गेले, माणसं आपापल्या गावी पांगली. कुणी लोकरीच्या गिरणीत, कुणी शेतावर, कुणी दुकानाच्या गल्ल्यावर जाऊन बसलं. आणि तुम्ही, कॅप्टन, वर्षातून एकदा त्या सगळ्यांना पुन्हा एका छपराखाली गोळा करत राहिलात. साठहून अधिक वर्षं. पलटण कागदावरून पुसली गेली, तिचा मेळावा मात्र चुकला नाही.

ती यादी माझ्या मनातून जात नाही. तुमच्या हातातली यादी. टेबलावरचा दिवा, चष्मा, पेन. एका नावासमोर खूण, एका नावावर रेघ. या वर्षी त्याची बायको कळवते की गुडघ्यांमुळे आता प्रवास झेपत नाही. पुढल्या वर्षी त्याची मुलगी कळवते. त्याच्या पुढल्या वर्षी कुणीच काही कळवत नाही, आणि तेवढ्यावरून तुम्ही समजता. असंच झालं असेल ना? बोलावणं करणाऱ्याच्याच वाट्याला सगळ्यांचं जाणं मोजणं येतं.

एक खुर्ची भिंतीला लागते.

मग दुसरी.

तीच गोष्ट चाळीसदा सांगणारा गप्प होतो, आणि मग ती गोष्ट ऐकून चाळीसदा हसणाराही गप्प होतो, आणि ब्रह्मदेशातल्या अराकानच्या एका विशिष्ट ओढ्याचा, एका विशिष्ट पहाटेचा, एका विशिष्ट शिवीचा जगात एकच साक्षीदार उरतो. तो घरी येऊन कोट खुंटीला अडकवतो आणि कुणाला काही सांगत नाही, कारण सांगायला लागायचं म्हणजे आधी तो ओढा समजावून द्यावा लागेल, तो पाऊस समजावून द्यावा लागेल, आणि एवढं सगळं समजावून दिल्यावर त्यात हसण्यासारखं काही राहत नाही.

अशी माणसं आपल्या घराघरांतून होती. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात बसलेली. आपण त्यांना जेवायला हाक मारत होतो.

*

टॉम मूर. जन्म ३० एप्रिल १९२०. यॉर्कशरमधलं किथली.

वडिलांना ऐकू येत नसे.

ज्या घरात बापाला ऐकू येत नाही, त्या घरातल्या मुलाला फार लवकर कळत असावं की लांबून हाक मारून भागत नाही. जवळ जावं लागतं. चेहऱ्यासमोर उभं राहावं लागतं. उजेडात यावं लागतं, ओठ दिसतील असं. तुमचा पुढचा सगळा जन्म मला या एवढ्याशा गोष्टीतून उलगडत गेल्यासारखा वाटतो. (कदाचित ही माझीच हौस असेल. गेलेल्या माणसाच्या बालपणात आपल्याला हवं ते बी आपण शोधून काढतोच.)

मग वेग. मोटारसायकली. पोरवयातच एक मोडकी गाडी हाताशी लागली आणि ती चालू होईपर्यंत तुम्ही तिला सोडली नाहीत. पुढे स्कॉट बनावटीच्या गाड्यांवरून शर्यती, करंडक, वारा. मग छपरांच्या सामानाची विक्री, काँक्रीटचा कारखाना, संसार, दोन मुली. हे सगळं मी भराभर ओलांडते आहे. तुमच्या आयुष्यातली ही बरीच वर्षं इतर कुणाच्याही वर्षांसारखी आहेत, आणि त्याबद्दल मला तुमचा हेवा वाटतो.

तुमच्या बायकोपाशी, पॅमेलापाशी, मात्र थांबावं लागतं.

तिची स्मृती तिच्याआधी गेली. तुम्ही शुश्रूषागृहात तिच्याकडे जात राहिलात, रोज, तिला ते कळो न कळो. तिच्या खोलीच्या खिडकीतून काय दिसत होतं कुणास ठाऊक. एखादं झाड असेल. नुसतं आकाशही असेल. तुम्ही बसायचात. तीही बसायची. दोघांमधली जागा पूर्वी इतक्या वर्षांच्या बोलण्याने भरलेली होती. आता तिथे दुपारचं ऊन येऊन पडायचं आणि सरकत सरकत भिंतीवर जायचं. २००६ साली ती गेली. यादीवर आणखी एक रेघ. ही मात्र मेळाव्याच्या यादीवरची नव्हती.

*

तुम्ही पुण्यात होतात, हे मला फार उशिरा कळलं.

तेव्हापासून कॅम्पातून जाताना माझं लक्ष जरा विचलित होतं.

बोट आफ्रिकेला वळसा घालून आली. केप टाउनला थोडा विसावा, मग मुंबईचा धक्का, मग घाट चढणारी आगगाडी. बोगदा, काळोख. बोगदा संपला की डोळ्यांवर येणारा हिरवा उजेड. पुन्हा बोगदा. विशी ओलांडलेला एक यॉर्कशरचा पोरगा खिडकीला नाक लावून बसलेला, आणि दरीत पाण्याच्या पांढऱ्या रेघा. हे मी बघितलेलं नाही. पण तो घाट मी शेकडो वेळा चढले आहे, आणि खिडकीला नाक लावल्यावाचून तो कुणाला चढता येत नाही, हे मला ठाऊक आहे.

पुण्यात तुमची पलटण चिलखती झाली. ड्यूक ऑफ वेलिंग्टन्स रेजिमेंटची नववी बटालियन. तिची १९४१ मध्ये रॉयल आर्मर्ड कोअरची १४६वी रेजिमेंट करण्यात आली. पायदळाच्या पोरांना रणगाड्यात बसवलं. आणि तुम्हाला मुंबईत वेगळंच काम मिळालं: हिंदी फौजेच्या जवानांना मोटारसायकल शिकवायचं. क्लच सोड. हळू. अरे, हळू. कुठल्या भाषेत म्हणालात?

ती शिकणारी पोरं कोण होती, कॅप्टन?

त्यांतला एखादा साताऱ्याचा असेल. अपशिंग्यासारख्या गावाचा, जिथे घरातला एक तरी माणूस फौजेत असायचाच. एखादा पंजाबचा, एखादा मद्रासकडचा. तुमच्यामागे बसून त्याने पहिल्यांदा तो वेग अंगावर घेतला असेल, पटका सावरत, दात दाखवत. पुढे तोही ब्रह्मदेशात गेला असेल. तिथे लढलेल्या चौदाव्या फौजेला विसरलेली फौज म्हणायची रीत आहे, पण त्या विसरलेल्या फौजेतही अधिक विसरलेले आणि कमी विसरलेले होते. तिच्यातली बहुसंख्य माणसं इथली होती, आणि त्यांच्यासाठी दर वर्षी टेबल मांडणारं, खुर्च्या मोजणारं, कोण येणार म्हणून विचारणारं कुणी होतं का, हे मी खूप जणांना विचारून पाहिलं. गावच्या वेशीवर क्वचित एखादी शिळा असते. तिच्यावर किती गेले तो आकडा असतो. नावं नसतात.

याचा दोष तुम्हाला नाही. तुम्ही तुमच्यांची हजेरी घेतलीत. प्रत्येकाने आपापल्यांची घ्यायची असते, आणि आम्ही घेतली नाही.

खडकीला मी जाते कधीकधी. युद्धातल्यांची दफनभूमी आहे तिथे. कापलेलं गवत, पांढऱ्या दगडांच्या रांगा, दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी. पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरातलं ऊन तिरपं झालं की प्रत्येक दगडाची सावली पुढच्या दगडाच्या पायाशी जाऊन टेकते. एकोणीस, बावीस, सव्वीस. दगडांवरची वयं. मेळाव्याला कधीच न येणारे. ज्यांच्या नावावर पहिल्याच वर्षी रेघ पडली, ते.

तुम्ही त्यांच्यात नव्हतात. तुम्ही पुण्याहून कलकत्त्याला निघालात, रस्त्याने. पुरामुळे तीन आठवडे लागले. मग अराकान. मग रामरी बेट. डेंग्यूने अंग मोडून काढलं, तरी उठलात. १९४५ च्या फेब्रुवारीत तुम्हाला रणगाड्यांच्या प्रशिक्षणासाठी मायदेशी बोलावून घेतलं, आणि तुम्ही मागे बघत बघत निघालात असं मला उगाच वाटतं.

मागे राहिलेल्यांना वय नसतं. वय सगळं तुमच्या एकट्याच्या वाट्याला आलं.

शंभर वर्षं.

*

आणि मग तो एप्रिल.

२०२० चा एप्रिल कसा होता ते विसरायला लागलो आहोत आपण. उजेड किती होता! धूर नाही, गाड्या नाहीत, कुणी कुठे जात नाही, आणि रिकाम्या रस्त्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन एकटंच हिंडतंय. इतकं स्वच्छ ऊन मी त्याआधी बघितलं नव्हतं. आणि त्या उन्हाची मला भीती वाटायची. पक्षी ऐकू यायचे. रुग्णवाहिका ऐकू यायच्या. त्यांच्या मधे काही नाही.

पृथ्वीभर दारं बंद. दारांमागे माणसं. माणसांचे पाय घडी घालून ठेवलेले.

त्या स्तब्धतेत, बेडफर्डशरमधल्या मार्स्टन मोरटेन गावात, एका घराशेजारच्या बागेत, पंचवीस मीटरांची वाट.

पंचवीस मीटर. आपल्या चाळीचा व्हरांडा याहून लांब असतो.

एक म्हातारा चालत होता.

वॉकर आधी पुढे. मग एक पाऊल. मग दुसरं. अंगात ब्लेझर, गळ्यात पलटणीचा टाय, छातीवर पदकं. त्यांतलं एक बर्मा स्टार. पाठ वाकलेली, मान मात्र नाही. दोन वर्षांपूर्वी घरातच पडून कमरेचं हाड मोडलेलं. ज्या डॉक्टरांनी, ज्या परिचारिकांनी तेव्हा उभं केलं, त्यांच्यासाठी काहीतरी करावं, एवढंच. ६ एप्रिलला सुरुवात. शंभरावा वाढदिवस ३० तारखेला. त्याच्या आत शंभर फेऱ्या. हजार पौंड जमले म्हणजे झालं.

हजार.

तुमच्या चालण्याचं ते चलच्चित्र मी पुनःपुन्हा बघायचे, रात्री, दिवे मालवून. पैशांचा आकडा कधी मनाला शिवला नाही. तुम्ही टोकाला पोचल्यावर वळायचात, ते वळणं. वॉकर उचलायचा, थोडा फिरवायचा, टेकवायचा. पाय आणायचे. पुन्हा थोडा फिरवायचा. त्या वळण्यात एखादी आख्खी शर्यत मावली असती. वाऱ्याला मागे टाकणारा तो पोरगा त्या वळणावर तुमच्या आत असेलच ना कुठेतरी, उजवा गुडघा जमिनीला घासेल इतका कललेला? त्याला हसू येत असेल. तुम्हालाही येत होतं. मला तुमच्या डोळ्यांत दिसायचं.

आणि इथे एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर ती घशात राहील.

त्याच दिवसांत आमच्या रस्त्यांवरही पाय होते. मुंबईहून, पुण्याहून, नाशिकहून निघालेले, डोक्यावर बोचकं, काखेत पोर, हजार हजार किलोमीटर. त्यांना कुणी फेऱ्या म्हटलं नाही. करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा जणांवरून मालगाडी गेली, ८ मेच्या पहाटे, आणि रुळांच्या मधे पोळ्या विखुरल्या होत्या. तुम्हाला बघताना माझ्या डोळ्यांसमोर ते यायचे, आणि त्यांना बघताना तुम्ही. दोन्ही चालणी एकमेकांना ओळखत नव्हती. मी मधे बसले होते, घरात, सुरक्षित, आणि कुठल्या चालण्यासाठी रडते आहे ते मला कळत नव्हतं.

जूनच्या अखेरीस माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीत बसून पंढरपूरला गेल्या. वाट रिकामी. दिवेघाट रिकामा. आपल्याला चालणं कळतं, कॅप्टन. आपण ते आजीच्या मांडीवर शिकतो. एकाने चालायचं आणि त्याच्या पायांनी मागे राहिलेल्या आजाऱ्याने, बाळंतिणीने, अंथरुणाला खिळलेल्याने पोचायचं, हे आपल्या रक्तात आहे. तुमच्या बागेत टाळ नव्हता, वीणा नव्हती, कळस दिसणार नव्हता. पण जे घराबाहेर पडू शकत नव्हते ते सगळे तुमच्या पायांनी त्या पंचवीस मीटरांवर चालून आले, हे मी तुम्हाला सांगू शकले असते तर तुम्ही समजून घेतलं असतंत. बहुधा एखादा विनोदही केला असतात.

*

मग ते झालं.

हजार पौंड केव्हाच मागे पडले, आणि लाख मागे पडले, आणि एक कोटी मागे पडले, आणि पैसे येतच राहिले, पाच पौंड, दहा पौंड, एखाद्या पोराच्या गल्ल्यातले, एखाद्या विधवेच्या पेन्शनीतले, रात्री अडीच वाजता झोप न लागलेल्या कुणाचे, वडिलांना शेवटचं बघता न आलेल्या कुणाचे, काचेच्या पलीकडून हात हलवून घरी परतलेल्या कुणाचे, कारण त्या दिवसांत हातांना करायला काही उरलं नव्हतं, कुणाला धरता येत नव्हतं, कुणाला खांदा देता येत नव्हता, आणि हा एक म्हातारा वाकून, थांबून, श्वास घेऊन, पुन्हा पाऊल टाकत होता, आणि त्याच्या त्या पावलाखाली आपलं काहीतरी ठेवता येत होतं. पंधरा लाखांच्या आसपास माणसांनी ते ठेवलं, आणि तुमच्या वाढदिवसाच्या दिवशी तो आकडा तीन कोटी वीस लाख पौंडांच्या पुढे गेला होता.

बघा ना.

जन्मभर जी यादी दर वर्षी आखूड होत गेली, ती एका महिन्यात क्षितिजापर्यंत गेली. तुम्ही बोलावलं नव्हतंत. तुम्ही कुणाचं नाव घेतलं नव्हतंत. तरी सगळे आले. खुर्च्या पुरेनात.

शंभरावी फेरी १६ एप्रिलला. यॉर्कशर रेजिमेंटचे जवान वाटेच्या दोन्ही बाजूंना उभे, एकमेकांपासून अंतर राखून, त्या दिवसांच्या रीतीप्रमाणे. तुमच्या पलटणीचा वारसा सांगणारी ही आजची पलटण. विशीतली पोरं. तुम्ही मधून गेलात. मला तेव्हा वाटलं, त्या रांगेत आणखी एक रांग उभी आहे. कुणाला दिसली नाही. तीही विशीतलीच.

शंभर झाल्यावर तुम्ही म्हणालात, चालत राहीन.

मग शुभेच्छापत्रं. दीड लाखाहून अधिक. नातवाच्या शाळेच्या मोठ्या सभागृहात ती एकेक उघडून, उभी करून, जमिनीवर मांडली. उंच खिडक्यांतून ऊन खाली उतरत होतं आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कागदाचं एक शेत उगवलं होतं. मुलांनी काढलेले सूर्य. मुलांनी काढलेले रणगाडे. शंभर, शंभर, शंभर, सगळ्या रंगांत. त्या शेतात तुम्ही स्वतः उभे नव्हतात. चित्रांतून मात्र होतात, हजारो वेळा, काडीच्या पायांचे, काडीच्या हातांत वॉकर धरलेले.

तीस तारखेला तुमच्या घरावरून स्पिटफायर आणि हरिकेन गेली. तुम्ही खांद्यावर ब्लँकेट घेऊन खुर्चीत बसला होतात आणि मूठ वर केलीत. वर विमान, खाली मूठ, मधे एवढंसं आकाश. ते आवाज तुम्ही युद्धात, ती रागाने जात असताना, ऐकलेले होते. या वेळी ती सावकाश आली, बघायला आल्यासारखी.

मायकेल बॉल या गायकाबरोबर तुम्ही म्हटलेलं एक गाणं ब्रिटनच्या यादीत पहिलं आलं, आणि नव्याण्णवाव्या वर्षी, पहिल्या क्रमांकावर पोचलेला सर्वांत वयस्कर गायक असा तुमचा विक्रम झाला. त्यावर तुम्ही किती हसला असाल याची मी कल्पना करते.

१७ जुलैला विंडसरच्या किल्ल्यात, उघड्या आकाशाखाली, राणीने तुमच्या खांद्यावर तलवार टेकवली. तलवार तिच्या वडिलांची. सहाव्या जॉर्जची. १९४१ मध्ये त्याच राजाच्या फौजेत तुम्ही अधिकारी झाला होतात. जवळजवळ ऐंशी वर्षं मधून गेली आणि त्या राजाची वस्तू तुमच्या खांद्याला लागली, त्याच्या मुलीच्या हातून, आणि तीही तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची. गुडघे टेकायचे नव्हते. टेकले तर मला पुन्हा उठता येणार नाही, असं तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत.

ऊन होतं त्या दिवशी.

*

हिवाळा आला.

शेवटी त्याच आजाराने, करोनाने, तुम्हाला गाठलं, ज्याच्या सावलीत तुम्ही चालला होतात. न्यूमोनिया आधीपासून होता. बेडफर्डचं रुग्णालय. २ फेब्रुवारी २०२१.

मी त्या रात्री काय केलं ते आठवत नाही. बहुतेक काही केलं नसेल. त्या वर्षात आपण इतक्या बातम्या ऐकल्या होत्या की एखादी बातमी आत जायला जागाच शिल्लक नव्हती; ती दारात उभी राहायची, आणि आपण स्वयंपाक करत राहायचो.

दोन-तीन दिवसांनी ती आत आली. भांडी घासताना.

अंत्यसंस्कार २७ तारखेला. घरची आठ माणसं. नियमच तसा होता.

आठ.

मी या आकड्याशी फार वेळ बसले आहे. पंधरा लाख आले आणि आठ उरले. तुमच्या मेळाव्यांना सवय होती अशा वजाबाकीची, पण इतकी झटपट नव्हे. यॉर्कशर रेजिमेंटच्या सहा जवानांनी शवपेटी खांद्यावर घेतली. झेंडा, तलवार, पदकं. बंदुकींच्या फैरी. बिगुल. वरून डाकोटा विमान गेलं, त्याच काळातलं, जाड आवाजाचं, थकलेलं. आणि तुमच्या गावच्या चर्चच्या घंटेचे शंभर टोल. त्या चर्चचा घंटेचा मनोरा चर्चला चिकटलेला नाही. तो बाजूला, थोड्या अंतरावर, एकटा उभा आहे, शेकडो वर्षं. साऱ्या गावाने जणू अंतर राखायचं त्या मनोऱ्याकडून शिकून ठेवलं होतं.

एक.

दोन.

प्रत्येक टोलाच्या मागे तो विरेपर्यंतची एक शांतता. शंभर टोल म्हणजे शंभर शांतता. सतराव्या टोलाला कोण आठवत असेल? एकविसाव्याला पुणे आलं असेल का? चोविसाव्या-पंचविसाव्याला रामरी. मग खूप सारे टोल काँक्रीटचे, संसाराचे, कराच्या कागदांचे. मग पॅमेलाचा. मग दहाबारा टोल रिकाम्या खुर्चीचे. आणि शेवटचा.

शेवटच्या टोलाला एप्रिल होता सगळा.

*

मागाहून तुमच्या नावाने निघालेल्या संस्थेवरून पुष्कळ झालं. चौकशी बसली, अहवाल आला, घराच्या आवारात उभी केलेली एक इमारत पाडली गेली, बातम्यांचा चिखल झाला. मी तिकडे जाणार नाही. त्या एप्रिलमध्ये जमलेला पैसा त्या भांडणातला नव्हता, तो रुग्णालयांकडे आधीच पोचला होता, एवढं लिहून ठेवते. बाकी ज्यांना खणायचं त्यांनी खणावं. तुम्ही चाललात ती पावलं कुठल्या हिशेबात धरायची, ते त्यांना विचारून काही कळणार नाही.

मला हव्या आहेत त्या लहान गोष्टी. वळताना तुम्ही वॉकर किती अंश फिरवायचात. पुण्यात कुठल्या झाडाखाली पाऊस चुकवायला उभे राहिलात. त्या मोटारसायकल शिकणाऱ्या जवानाचं नाव तुमच्या लक्षात होतं का. असेल तर ते कुठे गेलं, तुमच्याबरोबर? शेवटच्या मेळाव्याला कोण कोण होतं. जेवायला काय होतं. निघताना तुम्ही एकमेकांना पुढच्या वर्षी भेटू म्हणालात का, आणि म्हणताना कुणी कुणाकडे बघितलं नाही ना.

हे विचारायला आता कुणी नाही.

उद्याचा दिवस चांगला असेल, असं तुम्ही येताजाता म्हणायचात. खरं सांगते, मला तेव्हा त्याचा राग यायचा. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराला उद्या म्हणजे काय ते तुम्ही जाऊन सांगून बघा, असं मी त्या पडद्याकडे बघून पुटपुटले आहे. मग लक्षात आलं, हे म्हणणाऱ्याची यादी जवळजवळ कोरी झालेली आहे. तो ते ठाऊक असल्यासारखं म्हणत नव्हता. पाऊल टाकायच्या आधी वॉकर पुढे ठेवतात, तसं म्हणत होता. आधी तो ठेवायचा. मग त्याच्यापर्यंत जायचं.

राग गेला असं नाही. पण मी त्याला घेऊन चालायला लागले.

आणि थडग्यावर काय कोरावं, तेही तुम्ही जिवंतपणी सांगून मोकळे झालात: मी म्हातारा झालोय असं सांगत होतो ना तुम्हाला? असं काहीतरी. आमच्याकडे दहाव्याच्या घाटावर असं कुणी बोलून बघावं! आत्या डोळ्यांनीच गप्प करतील. पण रात्री, सगळे निजल्यावर, याच वाक्यावर त्या तोंडात पदर कोंबून हसतील, आणि हसता हसता त्यांना दुसरं काहीतरी आठवेल, आणि पहाटेपर्यंत घरात गोष्टी सुरू राहतील, गेलेल्याच्या, त्याच्या आधी गेलेल्याच्या, त्याच्याही आधीच्या.

तुमच्या मेळाव्यातही हेच चालत असणार. मला वाटतं, तुम्ही त्यासाठीच बोलवत होतात.

बोलवा, कॅप्टन. खडकीच्या त्या पोरांनाही बोलवा. आणि तो साताऱ्याचा, पटका सावरत मागे बसलेला. त्याला क्लच अजून नीट जमत नसेल. त्याचं नाव विचारून घ्या या वेळी.